टेबलावरचे रणांगण: कोकणच्या हवेत टिकणारे बेस आणि टेरेन

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळात सैनिकांच्या छोट्या प्रतिकृतींइतकेच महत्त्व त्यांच्या पायाखालच्या जमिनीला असते. टेकडीमागे कोण लपू शकते, गडग्याआडच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणामागच्या, तुकडीला गोळी लागणे किती अवघड आहे, ओढा ओलांडताना किती चाल खर्च होते, हे सगळे टेरेनवरून, म्हणजे टेबलावर मांडलेल्या टेकड्या, भिंती, घरे आणि झाडांवरून ठरते. तयार टेरेन बहुतेक परदेशातून येते आणि त्याची किंमत सैनिकांपेक्षाही जास्त पडते, म्हणून नवखा खेळाडू ते घरी करायला घेतो. घरी करण्याच्या पद्धती शिकवणारे बरेचसे साहित्य मात्र थंड प्रदेशातल्या, आतून उबदार ठेवलेल्या घरांसाठी लिहिलेले असते. तीच कृती रत्नागिरीत किंवा मालवणात जशीच्या तशी केली, तर जूनमध्ये एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीच्या, कडा फुगतात, समुद्राची वाळू ओल धरते, फेविकॉल पुन्हा चिकट होतो आणि गणपतीपर्यंत टेकडीवर बुरशी येते. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर दोन गोष्टींचा विचार केला आहे: वस्तू पावसाळ्यात टिकेल का, आणि तिच्यावर सैनिक नीट उभे राहतील का. दिसण्याचा क्रमांक माझ्या मते तिसरा आहे. दिवाळीतला किल्ला ज्याने मन लावून केला आहे, त्याला ते आपोआप जमते.

आधी प्रमाण ठरवावे

सर्वांत प्रचलित सैनिक २८ मिमीचे असतात आणि त्यांचे प्रमाण ढोबळमानाने १:५६ धरले जाते. या प्रमाणात प्रत्यक्षातला एक मीटर टेबलावर सुमारे १८ मिमी होतो, आणि एवढा एकच आकडा पाठ असला तरी बहुतेक हिशेब तोंडी होतात. कंबरभर उंचीचा गडगा १८ ते २० मिमीचा होतो. सव्वा ते दीड फूट लांबीचा जांभ्याचा चिरा ७ ते ८ मिमीचा होतो. १५ मिमीचे सैनिक वापरणाऱ्यांनी प्रमाण साधारण १:१०० धरावे, म्हणजे एक मीटरचा एक सेंटिमीटर होतो आणि हिशेब आणखी सोपा होतो.

दोन ठिकाणी हे गणित मुद्दाम मोडावे लागते. १.८ मीटर उंचीचा दरवाजा हिशेबाने ३२ मिमीचा येतो, पण सैनिक ३ मिमी जाडीच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर पगडी किंवा खांद्यावर बंदूक असते. त्यामुळे दरवाजा ४० मिमीचा केला तरच तो डोळ्याला पटतो. माडाचे उलट आहे. २० मीटरचा माड हिशेबाने ३६ सेंमी उंच होईल, तो हात लागला की कलंडेल आणि टेबलावरचे बाकीचे सगळे ठेंगणे दिसेल. १८ ते २० सेंमी उंचीचा माड पुरेसा उंच वाटतो.

मोठ्या लढाईसाठी ६ फूट × ४ फुटांचे टेबल रूढ आहे, परंतु नवख्याने ३ फूट × ३ फुटांच्या मैदानापासून सुरुवात करावी. एवढ्या जागेला दोन टेकड्या, गडग्याचे पाच-सहा तुकडे, एक घर आणि माडांचे दोन पुंजके पुरतात. टेबलाचा साधारण चौथा हिस्सा टेरेनने व्यापलेला असावा, असा ढोबळ नियम बरेच खेळाडू पाळतात. त्याहून कमी असले तर बंदूकधारी तुकडी जागची न हलता जिंकते.

सामान: काय विकत घ्यावे आणि काय अंगणात आहे

पाया म्हणून एमडीएफ वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो स्वस्त असतो आणि सुबक कापला जातो, पण त्याच्या कडेतून ओल शिरली की तो पावासारखा फुगतो आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. त्याऐवजी नावाच्या पाट्या आणि फ्लेक्स करणाऱ्यांच्या दुकानात ३ आणि ५ मिमी जाडीच्या सनबोर्डाचे आणि ॲक्रिलिक शीटचे उरलेले तुकडे असतात, ते मागावेत. ते पाण्याने फुगत नाहीत, आणि दुकानात लेझर यंत्र असेल तर ॲक्रिलिकच्या २५ किंवा ३२ मिमी व्यासाच्या चकत्या एका खेपेत हव्या तितक्या कापून मिळतात. मात्र सनबोर्ड लेझरवर कापायला देऊ नये. तो पीव्हीसीचा असतो आणि जळताना घातक वायू सोडतो. तो कटरनेच कापावा. एमडीएफच हाताशी असेल, तर कापून झाल्यावर त्याच्या कडांना आणि खालच्या बाजूलाही सीलर किंवा व्हार्निशचे दोन हात द्यावेत. वरची बाजू तेवढी रंगवली, तर वाळताना पातळ फळी हमखास वाकते.

टेकड्या आणि भिंतींसाठी फोम लागतो. एक्सपीएस हा दाट, बारीक पोताचा फोम सर्वांत उत्तम असतो. त्यावर नुसत्या पेनाच्या टोकाने रेघ ओढली तरी दगडाची सांध उमटते. लहान गावांत तो सहज मिळत नाही, मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो, म्हणून तो भिंती आणि घरांसाठी राखून ठेवावा. टेकडीच्या गाभ्याला साधे पांढरे थर्माकोल चालते. राज्य सरकारने २०१८ साली प्लास्टिक आणि थर्माकोलवर निर्बंध घातल्यानंतर सजावटीचे थर्माकोल विकत घेण्याच्या फंदात पडू नये; टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतले तुकडे आणि मासळीच्या फुटक्या पेट्या यांवर भरपूर काम होते. मासळीची पेटी साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन चार दिवस वाऱ्यावर ठेवावी. एवढे करूनही बांगड्याचा वास पूर्ण जाईल अशी हमी नाही, पण रंगाचा थर चढला की तो दबतो.

चिकटवण्यासाठी नेहमीचा फेविकॉल चालतो. जे तुकडे वारंवार हाताळले जातील किंवा ओल धरतील, त्यांना पाण्याला टिकणारा फेविकॉल मरीन वापरावा. फेविक्विकने थर्माकोल विरघळते, त्यामुळे ते फक्त सैनिक बेसला चिकटवण्यापुरते ठेवावे. दमट हवेत फेविक्विक लवकर धरते, पण त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट डाग पडतात. म्हणून अगदी थेंबभर लावावे आणि सैनिक रंगवण्याआधीच हे काम उरकावे. उंचसखल जमीन आणि मुळे घडवायला एम-सील, म्हणजे मळून लावली की कडक होणारी लुकण, उपयोगी पडते.

बाकीचे सामान कोकणात विकत घ्यावे लागत नाही. काथ्यापासून गवत होते. हिराच्या खराट्याच्या काड्या कुंपणाला, डोलकाठीला आणि फोम जोडताना खिळ्यांच्या जागी चालतात. खिळे आणि टाचण्या खाऱ्या हवेत गंजून रंगातून तांबडे डाग वर आणतात, तसे हिराचे होत नाही. लाकडाच्या वखारीतला भुसा चाळून, रंगवून हिरवळ होते. चिरेखाणीतली किंवा बांधकामावर सांडलेली जांभ्याची भुकटी हा तर सर्वांत नेमका पदार्थ आहे, कारण तिचे खडे मुळातच खडबडीत आणि छिद्रांचे असतात.

समुद्राची वाळू वापरायची असेल, तर तिच्यातले मीठ काढणे अपरिहार्य आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे फेविकॉल नीट धरत नाही आणि काही महिन्यांनी रंगावर मिठाचा पांढरा थर येतो. ओंजळभर वाळू बादलीत गोड्या पाण्याने ढवळून पाणी ओतून टाकावे, आणि हे चार-पाच वेळा करावे. शेवटच्या पाण्याचे दोन थेंब काळ्या ताटलीवर सुकू द्यावेत. मागे पांढरा डाग राहिला तर अजून एकदा धुवावे. मग वाळू कडक उन्हात वाळवून दोन प्रकारांत चाळावी, एक पिठाच्या चाळणीतून खाली पडणारी आणि एक वर राहणारी. ही चाळणी आठवडा बाजारातून वेगळी आणावी, कारण ती स्वयंपाकघरात परत घेतली जात नाही.

किनाऱ्यावरून काय उचलू नये, हेही सांगितले पाहिजे. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि कांदळवनाची तोड करण्यास बंदी आहे. खारफुटीची मुळे कितीही हुबेहूब वाटली, तरी ती झाडावरून तोडून आणू नयेत. ती तारेने चांगली करता येतात.

पहिले काम: दहा सैनिकांचे बेस

टेकडीपेक्षा आधी बेस करावेत. काम लहान असते, साहित्य थोडे लागते, आणि जो रंग बेसला ठरतो तोच पुढे सगळ्या टेबलाला लागू होतो. २८ मिमीच्या पायदळाला २५ मिमीचा गोल बेस बसतो आणि अंगापिंडाने मोठ्या सैनिकांना ३२ मिमीचा. नेमके माप आपण खेळणार असलेल्या नियमावलीत पाहून घ्यावे, कारण चाल आणि भिडणे हे बेसच्या कडेपासून मोजले जाते. जुन्या कॅरमच्या सोंगट्याही ३० ते ३२ मिमी व्यासाच्या असतात, पण त्यांची जाडी ७ ते ९ मिमी असल्याने त्यांवर उभा राहिलेला शिपाई चौथऱ्यावरच्या पुतळ्यासारखा दिसतो; सरदारासाठी मात्र त्या शोभतात.

चकतीची वरची बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून खरबरीत करावी, म्हणजे वरचा थर पुढे सुटत नाही. सैनिक हलका असेल तर खालून लोखंडी वायसर चिकटवून वजन द्यावे, आणि त्या वायसरला लगेच रंगाचा हात द्यावा, नाहीतर तो एका पावसात गंजतो. सैनिक चिकटवताना तो अगदी मध्यभागी न ठेवता किंचित मागे ठेवावा. पुढे सरसावलेल्या तलवारीला जागा मिळते आणि एका बाजूला लहानसा दगड बसवता येतो.

आता एम-सीलची वाटाण्याएवढी गोळी मळून सैनिकाच्या पायाभोवती पसरावी आणि ओल्या बोटाने चकतीच्या कडेपर्यंत उतरती करावी, म्हणजे पायाखालची सपाट पट्टी जमिनीत मिसळून जाते. ते मऊ असतानाच जांभ्याचे एक-दोन खडे त्यात दाबावेत. ते कडक झाल्यावर थोडे पाणी घातलेला फेविकॉल ब्रशने सगळीकडे लावावा, फक्त सैनिकाच्या पायांना लागू देऊ नये, आणि चकती वाळूच्या डबीत बुडवून हलकेच टकटक करून जादा वाळू झाडावी. दोन जाडीची वाळू मिसळून घेतली तर जमीन खरी वाटते. एकाच जाडीची वाळू पॉलिश पेपरसारखी दिसते. उन्हाळ्यात हे रात्रभरात वाळते. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण दिवस द्यावा, आणि नख लावून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाळल्यावर एक भाग फेविकॉल आणि दोन-तीन भाग पाणी यांचे पातळ मिश्रण, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून, वाळूवर सोडावे. साबणामुळे ते कणांच्या मधे शिरते आणि वाळू पुढे कधी गळत नाही.

रंगासाठी महागड्या बाटल्या लागत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातले पांढरे इमल्शन आणि त्यात मिसळायच्या स्टेनरच्या, म्हणजे दाट रंगद्रवाच्या, लहान बाटल्या, विशेषतः काळा, पिवळा आणि रेड ऑक्साइड, एवढ्यावर जांभ्याच्या सगळ्या छटा निघतात. जांभा नुसता तांबडा रंगवला की विटेसारखा दिसतो, आणि नवख्याच्या टेबलावर हा दोष सर्वांत आधी नजरेत भरतो. प्रत्यक्षात त्याच्या छिद्रांत जवळजवळ काळपट तपकिरी असते, वर तांबूस आणि उंचवट्यांवर पिवळसर गेरूची झाक. त्यामुळे पहिला हात गडद तपकिरी द्यावा आणि तो प्रत्येक फटीत गेला आहे हे पाहावे. दुसरा हात रेड ऑक्साइडमध्ये थोडा तपकिरी मिसळून, खोलगट भाग सोडून द्यावा. तिसरा हात कोरड्या ब्रशचा असतो: जुन्या रुंद ब्रशला पिवळसर रंग लावून तो कापडावर इतका पुसावा, की हातावर फिरवला तर जेमतेम खूण उमटेल, आणि मग वरच्या टोकांवर हलका फिरवावा. काळ्या पाषाणाच्या जमिनीला हीच पद्धत करड्या छटांत वापरता येते.

गवत शेवटी लावावे. काथ्याचे तंतू ४ ते ५ मिमीचे कापून चिमटीत धरावेत, बुडाला फेविकॉल लावून चार-पाच ठिकाणी उभे करावेत आणि वाळल्यावर टोके फुलवावीत. इथे एक निर्णय आधीच घ्यावा लागतो आणि तो टेबलभर पाळावा लागतो: ऋतू कोणता? कोकणातला सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, पावसाळ्यात हिरवागार, कार्तिकात सोनेरी आणि मे महिन्यात उघडा व काळपट असतो. बेस हिरवे आणि टेकडी पिवळी असली, तर प्रत्येक सैनिक आपल्यासोबत वेगळ्या महिन्याची जमीन घेऊन हिंडतो आहे असे दिसते. मला कार्तिकातला सडा आवडतो. काथ्या मुळातच त्या रंगाचा असतो, त्यामुळे तो रंगवावाही लागत नाही.

सड्याची टेकडी

जांभ्याचा सडा वरून सपाट आणि कडेला तुटलेला असतो. हा आकार युद्धखेळाला जणू मुद्दाम दिल्यासारखा सोयीचा आहे, कारण उतरत्या गोल टेकडीवर सैनिक घसरतात आणि सपाट माथ्यावर दहाजणांची तुकडी निर्धास्त उभी राहते. २५ मिमी जाडीच्या फोमचे दोन थर पुरतात. खालचा थर साधारण ३० × २० सेंमीचा, वेडावाकडा कापावा, आणि वरचा थर असा लहान करावा की सभोवती किमान ३५ मिमीची पायरी राहील. याहून अरुंद पायरीवर ३२ मिमीचा बेस टिकत नाही. कडा थोड्या तिरक्या, पण चढ्याच कापाव्यात आणि मग हाताने लहान लहान कपचे मोडून काढावेत. कटरचे पाते नवे असावे, बोथट पात्याने थर्माकोलचे मणी फाटतात. गरम तारेने कापणाऱ्यांनी ते काम पडवीत किंवा खळ्यात उघड्या हवेवर करावे, कारण वितळणाऱ्या थर्माकोलचा धूर अपायकारक असतो.

दोन थरांच्या मधे फेविकॉल ठेवला, तर त्यातले पाणी बाहेर पडायला वाट नसते आणि तो आत आठवडाभर ओला राहतो. म्हणून पातळ थर द्यावा, मध्ये मोकळ्या रेघा सोडाव्यात, हिराचे चार-पाच तुकडे आरपार खोचावेत आणि वर वजन ठेवून दोन-तीन दिवस हात लावू नये. मग सगळी टेकडी सनबोर्डाच्या पायावर चिकटवावी. हा पाया चहूकडून १० ते १५ मिमी बाहेर ठेवून त्याची कड तिरकी तासावी. खेळताना टेकडी त्या कडेला धरून उचलली जाते आणि फोमचे टवके उडत नाहीत.

पांढऱ्या थर्माकोलवर थेट स्प्रे मारला, तर त्यातल्या द्रावकाने ते विरघळून खड्डे पडतात. आधी संरक्षक लेप द्यावा: दोन भाग वॉल पुट्टी, एक भाग फेविकॉल, मूठभर बारीक वाळू, तपकिरी होईल इतका स्टेनर, आणि लेप दह्याइतका दाट राहील एवढे पाणी. नुसती पुट्टी तडकते, फेविकॉलने ती चिवट होते, आणि लेपातच रंग असल्यामुळे पुढे कुठे कपचा उडाला तरी आतून पांढरे डोकावत नाही. लेप ओला असतानाच कडांवर खऱ्या जांभ्याचा तुकडा दाबून उचलावा. दगडाची छिद्रे जशीच्या तशी उमटतात. वर सांगितलेले तीन रंग मग त्याच क्रमाने द्यावेत.

सपाट माथा मोकळा वाटत असेल, तर रत्नागिरी आणि राजापूरकडच्या सड्यांवर आढळणारे कातळशिल्प त्यावर कोरता येते. उक्षीचा हत्ती नुसत्या बाह्यरेषेत कोरलेला आहे, त्यामुळे रिफिल संपलेल्या पेनाच्या टोकानेही तो ओल्या लेपात उतरतो, आणि खेळात त्याचा चकमकीचे लक्ष्य म्हणून उपयोग होतो.

गडगा आणि तटबंदी

गडग्याचे तुकडे १५ सेंमी लांबीचे करावेत. मोजायला सोपे जातात आणि वाटेल तसे जोडता येतात. २५ मिमी रुंदीची सनबोर्डाची पट्टी पाया म्हणून घ्यावी. एक्सपीएसच्या पट्ट्या कापून त्यांचे ५ ते ८ मिमीचे, मुद्दाम कमीजास्त मापाचे तुकडे पाडावेत आणि ते झाकणाच्या डब्यात चार खडे टाकून मिनिटभर जोरात हलवावेत. कडा मोडून प्रत्येक तुकडा दगडासारखा दिसू लागतो. खालच्या ओळीत मोठे आणि वर लहान दगड लावत १८ ते २० मिमीपर्यंत चढावे, सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत आणि दोन्ही टोके सरळ ठेवावीत, म्हणजे शेजारचा तुकडा फट न राहता भिडतो. एका तुकड्यात ४० मिमीची मोकळी वाट ठेवून तिथे हिराचे बेडे, म्हणजे कुंपणाचे फाटक, बसवावे. जुन्या गडग्यावर शेवाळ वाळून काळे पडलेले असते. पाण्यासारखा पातळ केलेला काळा-हिरवा रंग वरून ओघळू दिला की तो परिणाम साधतो.

ज्यांना आंग्र्यांच्या आरमाराचा काळ किंवा १७५६ साली इंग्रजांनी विजयदुर्गावर केलेल्या हल्ल्यासारखा प्रसंग खेळायचा आहे, त्यांना तटबंदी लागेल. सगळा किल्ला करायला घेऊ नये. एक बुरूज आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३० सेंमीचा तट एवढे टेबलाच्या कडेला ठेवले, तर उरलेला किल्ला टेबलाबाहेर आहे असे खेळाडू मनाने धरून चालतो. बुरुजासाठी ११० मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा ११ ते १२ सेंमीचा तुकडा प्लंबरकडे उरलेला असतो. त्याभोवती ५ मिमी जाडीचा एक्सपीएस, आतल्या बाजूने उभ्या रेघा मारून, वळवून चिकटवावा. रेघा न मारता वळवला तर तो मोडतो. दगडांच्या सांधी पेनाने कोराव्यात आणि जांभ्याची छिद्रे तारेच्या ब्रशने टोचावीत. काळ्या पाषाणाचा तट करायचा असेल, तर अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबावा.

तटाची उंची बेताची, १० सेंमीच्या आसपास ठेवली तरी चालते, पण फांजीच्या रुंदीत कसर करू नये. तटावरून चालण्याची ही वाट हिशेबाने कितीही अरुंद येत असली, तरी ती ४० मिमीहून कमी केली की बचाव करणारे सैनिक वर उभेच राहत नाहीत आणि सारी मेहनत शोभेपुरती उरते. फांजीच्या बाहेरच्या कडेला चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, स्वतंत्र कापून लावाव्यात आणि त्यांतल्या जंग्या, म्हणजे बंदुकीसाठीची भोके, तापवलेल्या जाड सुईने पाडावीत. चर्या सैनिकाच्या छातीइतक्या, साधारण २२ ते २५ मिमी असल्या म्हणजे त्याला आडोसा मिळतो आणि खेळाडूला तो दिसतोही.

कौलारू घराचे छप्पर करायचे, तर बारीक नालीचा पुठ्ठा घेऊन त्याचा वरचा कागद ओल्या स्पंजाने सोलावा. उघड्या पडलेल्या नाल्या नळीच्या कौलांसारख्या दिसतात. ६ मिमीच्या पट्ट्या कापून खालून वर एकमेकींवर चढवत लावाव्यात आणि पुठ्ठा असल्यामुळे दोन्ही बाजूंनी व्हार्निश अवश्य द्यावे. छप्पर चिकटवू नये. ते उचलता आले पाहिजे, म्हणजे आत सैनिक ठेवता येतात.

माड, सुरू आणि खाडी

माडाच्या खोडासाठी जाड तार किंचित वाकवून तिच्यावर फेविकॉल लावलेली सुतळी घट्ट गुंडाळावी. गुंडाळीचे वळसे खोडावरच्या वलयांसारखे दिसतात. झावळ्यांसाठी जाड कागदाची ६ ते ७ सेंमी लांबीची पाने कापावीत, मध्ये बारीक तार चिकटवावी, दोन्ही बाजूंनी कात्रीने तिरके दाते पाडावेत आणि तारेला बाक द्यावा. एका माडाला दहा-बारा झावळ्या लागतात आणि त्यांतल्या खालच्या दोन वाळलेल्या, तपकिरी रंगवाव्यात. खरे पान कापून लावण्याचा मोह होतो, पण ते आठवड्यात सुरकुतते. तीन माड मिळून सनबोर्डाच्या एका चकतीवर लावावेत, आणि खोडे सुटी निघतील अशी भोके ठेवावीत, म्हणजे तुकडी आत शिरली की झाड बाजूला काढता येते. सुरूच्या झाडासाठी तारेच्या फांद्यांवर हिरवा रंगवलेला काथ्या विंचरून लावला की पुरते.

खाडीचे पाणी निळे रंगवू नये. ते हिरवट तपकिरी असते, काठाशी गढूळ आणि मध्ये गडद. ३ मिमी सनबोर्डाच्या लांब पट्ट्यांना तसा रंग देऊन, तो पूर्ण वाळल्यावर चकचकीत व्हार्निशचे चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात वाळू देत, द्यावेत. दमट हवेत इपॉक्सी रेझिनवर पांढरट, चिकट साय येण्याचा धोका असतो, म्हणून पहिल्या खाडीसाठी व्हार्निशच बरे. काठावर भुसा, फेविकॉल आणि तपकिरी रंग कालवून चिखल लावावा आणि तो ओला असताना जुन्या टूथब्रशचे केस कापून उभे खोचावेत. तिवराची श्वासमुळे तंतोतंत तशीच दिसतात. कांदळाची कमानदार मुळे जुन्या विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या बारीक तारा पिळून होतात.

शेवटचा हात आणि पावसाळ्याची बेगमी

रंगकाम झाल्यावर खाडी सोडून सगळ्यावर मॅट व्हार्निश द्यावे, आणि ते जून ते सप्टेंबर या काळात स्प्रेने देऊ नये. हवेतली वाफ व्हार्निशमध्ये अडकून सगळ्या कामावर धुक्यासारखा पांढरा थर बसतो. पावसाळ्यात द्यायचेच असेल तर पाण्यात मिसळणारे व्हार्निश ब्रशने द्यावे.

भुशाची हिरवळ, काथ्या आणि पुठ्ठा हे कसरीचे आणि वाळवीचे खाद्य आहे. भुसा रंगवतानाच त्यात कॅरमची बोरिक पावडर चमचाभर मिसळावी, आणि ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. कागदाच्या लगद्याला पिठाची खळ वापरू नये, फेविकॉल वापरावा. साठवणीच्या पेटीत डांबरगोळ्या मात्र कधीही टाकू नयेत: त्यांच्या वाफेने थर्माकोल आणि पॉलिस्टायरिनचे सैनिक मऊ पडून एकमेकांना चिकटतात. घट्ट झाकणाची प्लास्टिकची पेटी, तळाशी बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि ती जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला न टेकता ठेवलेली असली की पावसाळा निभावतो. तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे बटर पेपर घालावा, कारण इमल्शन आणि फेविकॉल दोन्ही दमट हवेत थोडे मऊ पडतात.

नवरात्राच्या सुमारास पेटी उघडून सगळे तुकडे दिवसभर सावलीत, वाऱ्यावर मांडावेत. बुरशीचा ठिपका दिसला तर तो कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडून त्यावर पुन्हा व्हार्निश द्यावे. उडालेल्या टवक्यांच्या डागडुजीसाठी गडद तपकिरी, तांबूस आणि पिवळसर हे तिन्ही मिसळलेले रंग औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत पहिल्यापासून राखून ठेवावेत आणि बाटलीवर प्रमाण लिहावे, कारण स्टेनरची तीच छटा दुसऱ्यांदा जुळवणे फार वेळखाऊ असते.